उभ्या पिकावरील दया



बसवण्णांनी दयेला धर्माचे मूळ मानले. शेतात उभ्या असलेल्या मुक्या पिकाला आपण त्या दयेत धरतो काय? ओक्कलिग मुद्दण्णांचे कायकच शेती होते; त्यांना हा प्रश्न वेगळा वाटला नसता.

अथणी-जत भागातील रब्बी ज्वारी घ्या. परतीच्या पावसाने काळ्या रानात जी ओल साठते, तिच्यावरच मालदांडी चार महिने काढते. ओल कमी पडली की दुपारी पाने सुरळीसारखी गुंडाळतात. ते पाहून आपला जीव कासावीस होतो आणि घाईने युरियाचे पोते फोडले जाते. ही दया नव्हे, आपल्याच मनाची समजूत. कोरड्या रानात खत मुळांना लागू पडत नाही.

पान गुंडाळणे हा पिकाचा स्वतःचा संयम आहे. पान जितके कमी उघडे, तितकी वाफ कमी. सकाळी इष्टलिंगपूजा आटोपली की रानात जाऊन पाहावे. रात्रीतून पान उलगडले असेल तर पीक तग धरून आहे. सकाळीही सुरळी तशीच असेल तर ते खरेच अडचणीत आहे असे समजावे.

काळी माती वाळली की भेगाळते आणि खोलवरची ओल त्या भेगांतून उडून जाते. कोळप्याने वरची माती भुसभुशीत केली की भेगा बुजतात, ओल आत राहते, आणि त्याच ओलीवर पोसणारे तणही निघते. पेरणीनंतर 3, 5 व 8 आठवड्यांनी कोळपावे. तिसऱ्या वेळी दातेरी कोळपे वापरावे. आमच्या मते दुकानातील महागड्या बाटलीपेक्षा हे कोळपे मोलाचे आहे. विहिरीत एकाच पाळीपुरते पाणी असेल, तर ते 35 ते 40 दिवसांच्या पिकाला द्यावे.

पेरा दाट झाला असेल तर विरळणी करावीच लागते. जिवंत रोप उपटताना हात अडखळतो, हे खरे. पण तुटपुंज्या ओलीत सगळी रोपे राखली तर एकाचेही कणीस नीट भरत नाही. मात्र एक सांभाळा! पाण्याविना खुरटलेली कोवळी ज्वारी गाई-बैलांपुढे टाकू नका. तिच्यातून जनावराच्या पोटात हायड्रोसायनिक आम्ल सुटते आणि ते थोड्याच वेळात दगावू शकते. दासोहाच्या भावनेने घातलेली पेंडी गोठ्याचा घात करील.

2023 साली सीमाभागाने दुष्काळ सोसला. त्याआधी ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेच्या महापुराने रानेच्या राने बुडाली होती. साचलेल्या पाण्यात सोयाबीन पिवळे पडते, तेव्हाही हात आधी युरियाकडेच जातो. त्या वेळी मुळांना हवा मिळत नसते; पीक उपाशी दिसले तरी आधी ते गुदमरलेले असते. पाण्यात टाकलेला युरिया बहुतेक वाया जातो. प्रथम चर काढून पाणी बाहेर घालवावे, वाफसा येताच हलके कोळपावे, आणि मगच 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावा.

चर काढताना आपले पाणी शेजाऱ्याच्या रानात सोडू नये. त्याला बांधावर बोलावून घ्यावे आणि दोघांनी मिळून एकच चर ओढ्यापर्यंत न्यावा.