कायद्याचा आडोसा

न्यायाधीश हा कायद्याचा सेवक की न्यायाचा, हा प्रश्न आम्ही वकीलमंडळी विद्यार्थिदशेत परीक्षेपुरता सोडवितो. पुढे कलमे, दाखले आणि तारखा यांच्या धबडग्यात तो कधी मागे पडला, हे आमच्या ध्यानातही राहत नाही. जर्मनीतील एका प्रांतिक मंत्र्याला मात्र त्याने तेहतीस वर्षांनंतर गाठले.

हान्स फिलबिंगर यांचा जन्म १९१३ साली मानहाइम येथे झाला. कायद्याची डॉक्टरेट मिळविलेले हे गृहस्थ १९३७ साली नाझी पक्षाचे सभासद झाले आणि १९४३ पासून आरमाराच्या न्यायखात्यात काम करू लागले. युद्धानंतर त्यांनी फ्रायबुर्ग येथे वकिली केली. १९६० साली ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांताचे गृहमंत्री झाले आणि १९६६ साली मुख्यमंत्री. लोकांचा त्यांच्यावर केवढा विश्वास होता! १९७६ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला ५६ टक्क्यांहून अधिक मते पडली.

१९७८ च्या फेब्रुवारीत नाटककार रोल्फ होखहूथ यांनी एका साप्ताहिकातील लेखात त्यांना ‘भयंकर कायदेपंडित’ म्हटले. फिलबिंगर यांनी न्यायालयात धाव घेतली आणि तेथूनच जुनी दप्तरे उघडू लागली. नॉर्वेत तैनात असलेल्या एका जर्मन खलाशाने पळून स्वीडनला जाण्याचा बेत केला होता. पहिल्या न्यायालयाने त्याला आठ वर्षांची शिक्षा दिली. पण वरिष्ठांनी ती मंजूर केली नाही. १९४५ च्या जानेवारीत खटला पुन्हा उभा राहिला, तेव्हा सरकारी अभियोक्ता म्हणून फिलबिंगर यांनी मृत्युदंड मागितला. १६ मार्च १९४५ रोजी त्या २२ वर्षांच्या पोराला गोळ्या घातल्या गेल्या आणि फिलबिंगर अधिकारी या नात्याने तेथे जातीने हजर होते. दोन महिन्यांच्या आत जर्मनीने शरणागती पत्करली.

फिलबिंगर यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. एकतर्फी निकाल देणे आमच्या व्यवसायाला शोभत नाही. अभियोक्त्यावर वरिष्ठांची आज्ञा बंधनकारक होती, पळून जाणाऱ्या सैनिकाला कठोर शासन सर्वच देशांत होते आणि आपण काही जणांचे प्राण वाचविले, असे त्यांचे म्हणणे. यातील पहिला मुद्दा वजनदार आहे. दुसऱ्याचे वजन मात्र आकड्यांपुढे टिकत नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन लष्करी न्यायालयांनी दीडशे मृत्युदंड दिले व त्यांतील ४८ अमलात आले. दुसऱ्या महायुद्धात दिलेल्या मृत्युदंडांची संख्या सुमारे ३०,००० धरली जाते. कायद्याचे पुस्तक हाती असले, तरी त्यामागची यंत्रणा कोणत्या जातीची होती, हे यावरून कळते.

तरीही एकतीस वर्षांच्या त्या अधिकाऱ्याने रामशास्त्री व्हावे, अशी अपेक्षा आम्ही करणार नाही. सत्तेपुढे ताठ उभे राहण्याचे धैर्य शतकात एखाद्यालाच लाभते; म्हणूनच तर आपण त्याचे नाव घेतो. आमचा आक्षेप आहे तो चौसष्ट वर्षांच्या मुख्यमंत्र्यावर. आता त्यांच्यावर कोणाची आज्ञा नव्हती, प्राणांचे भय नव्हते, देश स्वतंत्र व सुस्थित होता. अशा वेळी, जे त्या काळी कायदेशीर होते ते आज बेकायदेशीर ठरू शकत नाही, अशा आशयाचे त्यांचे उद्गार ‘देअर श्पीगेल’ने छापले. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, असे ते पुढे सांगत राहिले. पण त्यांच्या एकंदर बचावाचा रोख त्याहून फारसा वेगळा नव्हता. पुढे त्यांच्या सहभागाचे आणखी मृत्युदंड दप्तरांत सापडले, तेव्हा ते आपल्या स्मरणात नव्हते, असा खुलासा त्यांनी केला. ते दंड अमलात आले नव्हते, हे खरे. परंतु माणसाला मृत्युदंड फर्मावून तो विसरता येतो, ही गोष्टच आम्हांला मूळ खटल्याहून अधिक अस्वस्थ करते. ७ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांनी राजीनामा दिला.

या प्रश्नाचे उत्तर त्याच प्रांतातील हायडेलबर्गमध्ये १९४६ सालीच लिहिले गेले होते. गुस्ताव राडब्रुख हे तेथील कायद्याचे प्राध्यापक, एके काळचे जर्मनीचे न्यायमंत्री. नाझींनी त्यांना पदच्युत केले होते. सामान्यतः लेखी कायदाच पाळावा, कारण निश्चितीलाही मोल आहे. पण कायद्याचा न्यायाशी विरोध असह्य पातळीला गेला, की तो कायदाच उरत नाही, असे त्यांनी मांडले. त्यांच्या या मांडणीत कायद्याचा अनादर नाही. कायद्याच्या आड लपण्याला तेवढी मनाई आहे.

२००२ साली जर्मन संसदेने पळून गेलेल्या सैनिकांवरील ते निकाल रद्द ठरविले. २००७ साली फिलबिंगर वारले. अंत्यविधीच्या भाषणात तत्कालीन मुख्यमंत्री ग्युंटर ओटिंगर यांनी त्यांना नाझी राजवटीचे विरोधक म्हटले. गदारोळ उठला आणि काही दिवसांतच ते विधान त्यांना मागे घ्यावे लागले.

आमच्या मते न्यायालयाला जी जबाबदारी पेलवत नाही, ती येथून सुरू होते. आज्ञा पाळणाऱ्याला कायदा शिक्षेपासून वाचवू शकेल. परंतु ‘मी हे केले, आणि ते घडायला नको होते’ हे वाक्य त्याच्या वतीने उच्चारू शकणार नाही. त्यासाठी वकील देता येत नाही. ते ज्याचे त्यानेच म्हणावे लागते, आणि फिलबिंगर यांना त्यासाठी तेहतीस वर्षे मिळाली होती.