मार्क परत आला तेव्हा

आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये १५:३६-४०

मित्रांनो, आजच्या उताऱ्यात दोन जिवलग सहकारी भांडतात, पौल आणि बर्णबा. वाद पैशाचा नाही, शिकवणुकीचा नाही. वाद आहे एका तरुणावरून. योहान मार्क पहिल्या सुवार्ता-प्रवासात त्यांच्याबरोबर निघाला होता आणि पेर्गा इथून मधूनच यरुशलेमला परत गेला होता. आता दुसऱ्या प्रवासाची तयारी चालू आहे. बर्णबा म्हणतो, त्याला घेऊ. पौल म्हणतो, अजिबात नको. शेवटी दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

हे वाचताना मला सेमिनरी सोडून घरी आलेले आपले तरुण आठवतात. वसईत तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान ६ वर्षांचं शिक्षण, त्याआधीची तयारी वेगळी. बारावीनंतर गेलेला मुलगा कधीकधी पंचविशी उलटल्यावर परत येतो. तोवर त्याच्या बरोबरीचे नोकरीत स्थिरावलेले असतात, काहींची लग्नं झालेली असतात. आणि ज्याला सगळं गाव 'ब्रदर' म्हणायचं, त्याला आता काय म्हणायचं हेच कुणाला कळत नाही. म्हणून बरेच जण काहीच म्हणत नाहीत. मिस्सा संपल्यावर नजर चुकवून निघून जातात.

आधी शब्द बघा. तेराव्या अध्यायात लूक एवढंच लिहितो की मार्क त्यांच्यापासून निघून यरुशलेमला परतला. कारण देत नाही. पंधराव्या अध्यायात पौलाची बाजू सांगताना शब्द कडक होतो : तो आपल्याला सोडून गेला, कामाला आलाच नाही. घटना एकच, शब्द दोन. आपल्याकडेही तसंच. 'सेमिनरीतून बाहेर पडला' आणि 'पळून आला'. दुसरा शब्द एकदा गावात फिरला की लग्नाच्या बोलणीतही तोच पुढे येतो. मार्क का परतला हे आजवर कुणाला नक्की सांगता आलेलं नाही, आणि त्यावाचून आपल्या श्रद्धेचं काही अडलेलं नाही. मग शेजारच्या मुलाचं कारण कळल्याशिवाय आपलं का अडावं? त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल.

आता त्याचं घर बघा. मार्कच्या आईचं, मरियेचं, यरुशलेममधलं घर म्हणजे श्रद्धावंतांनी प्रार्थनेला जमायची जागा (१२:१२). तिथे येणाऱ्यांनी "मुलगा परत कसा आला?" असं त्या माउलीला किती वेळा विचारलं असेल! शास्त्रात हे लिहिलेलं नाही, पण आपल्या गावातल्या आईकडे बघून कल्पना करता येते. मुलाची गुरुदीक्षा, घरचा मंडप, पहिली मिस्सा, सगळं तिनं मनात पाहिलेलं असतं. मुलगा आईला दुखावलं म्हणून गप्प, आई मुलाला दुखेल म्हणून गप्प. त्या घरात जाऊन साधा चहा पिणं, आणि सेमिनरी सोडून दुसऱ्या कशावरही बोलणं, ही मोठी सेवा आहे.

बर्णबानं काय केलं? त्यानं मार्कला उपदेश केला असं कुठेच लिहिलेलं नाही. त्यानं त्याला बरोबर घेतलं आणि कुप्र बेटावर नेलं. कुप्र म्हणजे बर्णबाचं स्वतःचं मूळ गाव (४:३६). म्हणजे आपल्या माणसांत नेलं आणि काम दिलं. गंमत अशी, की शौलावर यरुशलेममध्ये कुणाचा विश्वास बसत नव्हता तेव्हा त्याचा हात धरून प्रेषितांकडे नेणारासुद्धा हाच बर्णबा होता (९:२६-२७).

'सेमिनरी' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ रोपवाटिका. भातलावणी पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको : रोपं एका जागी वाढतात, पण लागतात वेगवेगळ्या शेतांत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाबद्दल जो दस्तऐवज दिला, त्यातही हेच आहे. या जीवनासाठी जो योग्य नाही त्याला वडिलांच्या मायेनं दुसरं काम दाखवावं आणि प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यात उत्साहानं उतरायला मदत करावी. म्हणजे सेमिनरीनंतरही पाचारण असतंच.

आणि पौल? त्याचं नातं लगेच जुळलं नाही. पण पुढे कलस्सैकरांना लिहिताना तो सांगतो, मार्क आला तर त्याचं स्वागत करा (४:१०). शेवटी तुरुंगातून तीमथ्याला कळवतो, येताना मार्कला घेऊन ये, सेवेसाठी त्याचा मला उपयोग आहे (२ तीमथ्य ४:११). मधे बरीच वर्षं गेली होती. तुमच्या तुकडीतला मित्र आता डीकन झाला असेल आणि फोन कमी झाले असतील, तर हे लक्षात ठेवा. तो तुम्हाला विसरला असेलच असं नाही. त्यालाही काय बोलावं ते सुचत नसेल. त्याच्या गुरुदीक्षेचं बोलावणं आलं तर जा. मागच्या बाकावर बसा हवं तर, पण जा. मार्कनंही बर्णबाचा हात नाकारला नाही.

परंपरा सांगते की दुसरं शुभवर्तमान याच मार्कनं लिहिलं. अर्ध्या वाटेवरून परतलेल्या माणसाचं पुस्तक आपण वेदीवरून वाचतो.

आजची कृती : असा एक जण आठवा आणि त्याला फोन करा. कारण विचारू नका. गायनमंडळ असो, धर्मशिक्षणाचा वर्ग असो, नाहीतर रविवारचा फुटबॉल, "चल, येतोस का?" एवढंच विचारा. कंपनीत मुलाखती घेणाऱ्यांनो, कुणाच्या बायोडेटात सेमिनरीची वर्षं दिसली तर त्यांना रिकामी वर्षं समजू नका. भाषा, अभ्यास, माणसं सांभाळणं, हे सगळं तो तिथे शिकलेला असतो.

प्रार्थना : हे प्रभू येशू, वाटेतून परतलेल्या आमच्या भावांना घर दे आणि काम दे. त्यांच्या आईवडिलांचं मन हलकं कर. आम्हाला बर्णबाची नजर दे, आणि ती नसेल तेव्हा निदान पौलासारखं पुन्हा बोलावण्याचा मोठेपणा दे. आमेन.