न येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर

नोकरीच्या मुलाखतीत उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न आला आणि ते उत्तर कोणी गुपचूप पुरवू लागले, तर ते घ्यावे काय? हा प्रश्न आता आपल्या शनवाऱ्यातील घरांच्या उंबरठ्याशी येऊन ठेपला आहे. पूर्वी मुलाखतीसाठी पुण्या-मुंबईचा वा इंदूरचा प्रवास घडे. आता संगणकक्षेत्रातील मोठ्या कंपन्यांच्या पहिल्या फेऱ्या पुष्कळदा घरच्या खोलीतच, पडद्यासमोर होतात. तेवढा वेळ घरातील माणसांस बोलण्याची बंदी आणि कुकरलाही शिट्टीची! अशा वेळी परीक्षकाचा प्रश्न ऐकून त्याचे उत्तर उमेदवाराच्या पडद्यावर उमटविणारी, परंतु परीक्षकास न दिसणारी साधने आज विकत मिळतात. उमेदवाराचे मूळ ज्ञान पक्के आहे ना हे पाहण्यासाठी निदान एक फेरी समोरासमोर बसवून घेऊ, असे गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी २०२५ साली जाहीरपणे सांगितले.

तरुणांची बाजू ऐकल्यावाचून निवाडा देणे बरे नव्हे. ते विचारतात, कंपन्या तरी कोठे न्यायाने वागतात? या म्हणण्यात तथ्य आहे. एका विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, असली कोडी एके काळी उमेदवारांस घालीत असत. गूगलमध्ये नोकरभरतीचा कारभार पाहणारे लाझ्लो बॉक यांनीच २०१३ साली कबूल केले की, ही कोडी निरुपयोगी होत. त्यांमुळे विचारणाऱ्याला आपण हुशार आहोत असे वाटते, एवढेच. तोवर किती गुणी मुले त्या चेंडूंपायी परत गेली असतील, कोण जाणे! प्रश्न विचारणाऱ्यालाही धर्म असतो. ज्या कामासाठी माणूस हवा त्याच कामाविषयी विचारावे, हा तो धर्म होय.

परंतु परीक्षक चुकला म्हणून उमेदवारास असत्याची मोकळीक मिळते काय? येथे आम्हांस कर्ण आठवतो. द्रोणाचार्यांनी त्याला ब्रह्मास्त्र शिकविण्याचे नाकारले ते वर्णाकडे बोट दाखवून. हा अन्याय नव्हे असे कोण म्हणेल? मग आपण भार्गव ब्राह्मण आहोत असे सांगून तो परशुरामांकडे गेला. विद्या मिळाली, पण असत्य उघड झाले तेव्हा शापही मिळाला, आणि ऐन प्रसंगी ते अस्त्र आठवले नाही. याउलट छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम. हारिद्रुमत गौतमांनी त्याला गोत्र विचारले. हाही जन्माचाच प्रश्न. आपल्याला ते ठाऊक नाही आणि आईलाही ठाऊक नाही, हे त्याने जसेच्या तसे सांगून टाकले, आणि त्या सत्यासाठीच गौतमांनी त्याला शिष्य म्हणून पदरी घेतले.

कोणी म्हणेल, प्रत्येक कंपनीत गौतम बसलेले नसतात. खरे आहे. शिक्षणाचे कर्ज डोक्यावर, धाकटी बहीण अजून शिकते आहे, आणि खरे बोलल्याने नोकरी हातची गेली, अशा मुलापुढे सत्यकामाची कथा वाचणे सोपे नाही. तरीही आमचे मत असे की, त्याच जागेसाठी दुसऱ्या एखाद्या कर्जबाजारी घरचे मूल खरी उत्तरे देऊन बसलेले असते. पुरविलेल्या उत्तराने जागा हिरावली जाते ती त्याची. कंपनीचे फारसे काही जात नाही. वडीलधाऱ्यांनी शेजारच्या खोलीत दुसरा मोबाईल घेऊन बसणे तर आम्हांस मुळीच मान्य नाही.

आणि येत नाही असे म्हटले की मुलाखत संपली, असेही नव्हे. हे ठाऊक नाही, परंतु मी या रीतीने शोधीन, असे सांगून मोठ्याने विचार मांडीत जाणाऱ्याकडे जाणते परीक्षक लक्ष देतात. सत्यकामाची खरी परीक्षा तर पुढेच होती. गौतमांनी चारशे गाई त्याच्या स्वाधीन केल्या, त्याही रोडावलेल्या. आणि त्यांच्या हजार झाल्यावाचून परतणार नाही असे सांगून तो त्यांना घेऊन रानात गेला.