तळघराची पायरी

पुढल्या वर्षी रोमला जाण्याचा बेत मी आखतो आहे. यादीत पहिले नाव आहे कॅपिटोलिन टेकडीच्या पायथ्याच्या तुलियानमचे, म्हणजे प्राचीन रोमच्या भुयारी तुरुंगाचे. "ऐन दिवाळीत हे काय अभद्र!" असा घरातून आहेर मिळाला. प्रश्न खरा आहे. जिथे माणसे मारली, ती जागा तिकीट काढून पाहावी का?

इ. स. पूर्व १०४ मध्ये सेनापती मारियसची विजययात्रा निघाली. न्युमिडियाचा राजा जुगुर्था तीत बंदी म्हणून चालत होता. मिरवणूक संपल्यावर त्याला या कोठडीत टाकले. प्लूटार्क सांगतो, सहा दिवस तो भुकेशी झुंजला. जयघोष करणाऱ्या लोकांनी मिरवणूक पाहिली, कोठडी पाहिली नाही. म्हणून तर त्यांच्या आनंदाला गालबोट लागले नाही.

फोरमचे खांब पाहून हरखावे आणि खाली डोकावूच नये, हे मला त्या गर्दीत सामील होण्यासारखे वाटते. पूर्वी तळच्या कोठडीत जायला छतातले एक भोक तेवढे होते. आज जिना आहे. उतरलेल्याला परत वर येता येते, हे भाग्य कुणाकुणाला लाभले नाही, एवढे आठवत मी उतरेन.