साबणाची वडी आणि सचोटी

साबणासारख्या रोजच्या वस्तूवर नीतिशास्त्राच्या दृष्टीनें लिहावयाचें म्हटलें तर आमच्या कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु नीतीचे प्रश्न रणांगणावर आणि राजसभेंत जितके उद्भवतात त्याहून अधिक ते बाजारांत आणि स्वयंपाकघरांत उद्भवतात, असें आमचें मत आहे. आणि वस्तु जितकी क्षुल्लक तितकी तिच्याविषयींची सचोटी अधिक पारखून पाहण्यासारखी असते. जिच्या खोटेपणानें कोणाचा जीव जात नाहीं, जिच्याबद्दल कोणी कोर्टांत जात नाहीं, आणि जी वापरतां वापरतां झिजून गेल्यामुळें मागें पुरावाहि उरत नाहीं, अशी वस्तु खरी कां करावी? हातानें साबण करणाऱ्या लहान कारागिरासमोर हा प्रश्न रोज उभा असतो. त्याचाच विचार आम्ही येथें करणार आहों.

हा विचार अधांतरीं न करतां एखाद्या ठिकाणीं पाय रोवून करावा हें बरें. म्हणून आपण हिंगोली जिल्हा घेऊं. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झालेला हा मराठवाड्यांतला लहानसा जिल्हा. औंढ्याचा नागनाथ आणि नामदेवांची नरसी हीं त्याचीं जुनीं भूषणें. अलीकडची त्याची ओळख म्हणजे हळद. वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. हळद काढावयाची, शिजवावयाची, वाळवावयाची, या कामांतला मोठा वांटा बायकांचा असतो. अशा मुलुखांत एखाद्या बचत गटांतल्या बाईनें हळदीचा साबण करून विकावयास काढावा, हें स्वाभाविकच आहे. अशी एक कारागीर स्त्री आपण कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं. तिला नांवगांव देण्याचें कारण नाहीं. तिच्यासारख्या स्त्रिया महाराष्ट्रांत आज जागोजाग आहेत.

साबण करणें हें वरवर पाहतां स्वयंपाकासारखें वाटतें. परंतु स्वयंपाकांत अंदाज चालतो, येथें चालत नाहीं. कोणत्या तेलाला किती कॉस्टिक सोडा लागतो हें ठरलेलें आहे. एक किलो खोबरेलाला सुमारें १८० ग्राम सोडा लागतो, तर तितक्याच एरंडेलाला सुमारें १३० ग्राम पुरतो. सोडा कमी पडला तर वडी तेलकट आणि मऊ राहते. अधिक झाला तर अंगाची आग होते. म्हणून तिच्या संसारांतली सर्वांत महत्त्वाची वस्तु म्हणजे वजनकांटा. मुलें शाळेंत गेलीं कीं ती कामाला बसते, कारण सोड्याचें पाणी अंगावर उडालें तर कातडी भाजते. सोडा पाण्यांत हळूहळू सोडावयाचा, पाणी सोड्यावर ओतावयाचें नाहीं. भांडें स्टीलचें घ्यावयाचें, ॲल्युमिनियमचें नव्हे, कारण सोडा त्या धातूला खातो. पाणी निवालें कीं तें तेलांत घालून घोटीत राहावयाचें, मिश्रण खिरीसारखें दाट झालें कीं साच्यांत ओतावयाचें, आणि दुसऱ्या दिवशीं वड्या कापून फळीवर मांडावयाच्या. पुढें चार ते सहा आठवडे नुसती वाट पाहावयाची. पावसाळा असला तर वड्यांना घाम फुटतो, कारण त्यांत राहिलेलें ग्लिसरीन हवेंतला ओलावा ओढून घेतें. पेरणी, काढणी, सणवार आणि मुलांच्या परीक्षा यांच्या फटींतून हा सारा उद्योग चालतो.

आतां हळदीकडे वळूं. कपड्यावर पडलेल्या हळदीच्या डागाला साबण लावला कीं तो लाल होतो, हें आपल्या घरांतल्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. हळदीचें कुंकू होतें त्यामागेंहि हेंच रहस्य आहे: क्षाराचा स्पर्श झाला कीं हळदीचा पिवळा रंग तांबडा होतो. सोड्यानें केलेल्या साबणांत खरी हळद घातली म्हणजे तिचें असेंच होतें. साच्यांत ओततांना मिश्रण तांबूस दिसतें, आणि मुरतां मुरतां वडीला विटकरी किंवा मातकट नारिंगी छटा येते. गिऱ्हाइकाच्या मनांत मात्र हळदीचा साबण म्हणजे पिवळाधमक. तो ही वडी उलटसुलट करून पाहतो, आणि हिच्यांत हळद कोठें आहे असें विचारतो. शेजारच्या पालावर रंग घालून केलेली पिवळी वडी असते. तिच्यांत हळद नांवालाच असते, आणि ती भराभर खपते.

येथें आमच्या कारागीर स्त्रीला जो मोह पडतो त्याचें स्वरूप नीट पाहिलें पाहिजे. चिमूटभर पिवळा रंग घातला तर काय बिघडलें? हळद तर आंत आहेच. रंग केवळ ती दिसावी म्हणून. ही भेसळ खोटें खपविण्यासाठीं नाहीं, खरें पटविण्यासाठीं आहे. ढळढळीत लबाडी न करणारीं माणसें जगांत पुष्कळ आहेत. परंतु सत्य हें सत्यासारखें दिसत नाहीं म्हणून त्याला असत्याचा मुलामा द्यावा कीं नाहीं, या प्रश्नापाशीं भलीं भलीं माणसें घसरतात.

दुसरा मोह काळाचा. कापतांना शंभर ग्रामची असलेली वडी मुरेपर्यंत पाणी उडून दहापंधरा ग्रामनें हलकी होते. म्हणजे जी बाई आठ दिवसांतच माल विकते तिला दुहेरी लाभ: पैसा लवकर हातीं येतो, आणि पाण्याचीहि किंमत मिळते. नुकसान होतें तें गिऱ्हाइकाचें, कारण अशी ओली वडी न्हाणीघरांत लवकर विरघळून जाते. पण त्यालाहि तें कळत नाहीं, साबणच कमी पुरला असें तो म्हणतो. वाट पाहणें हें येथें कारागिरीचें अंग आहे, तसेंच तें नीतीचेंहि अंग आहे. कोणी पाहत नसतां सहा आठवडे फळीवरच्या मालाला हात न लावणें, आणि तेंहि घरांत पैशाची निकड असतां, याला आम्ही लहानसहान व्रत समजत नाहीं.

तिसरा मोह शब्दांचा. आजकाल हातानें केलेल्या साबणावर 'रसायनविरहित' असें लिहिण्याची चाल पडली आहे. वस्तुतः सोड्यावांचून घट्ट साबण होतच नाहीं. नीट केलेल्या साबणांत शेवटीं मोकळा सोडा उरत नाहीं हें खरें. परंतु 'उरला नाहीं' आणि 'घातला नाहीं' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हळदीनें कांति उजळेल हें आश्वासनहि असेंच. वडींतली हळद अंगावर क्षणभर टिकते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. तिच्याकडून काय काय अपेक्षावें यालाहि मर्यादा आहे. कांहीं जण तर तयार साबणाचा लगदा विकत आणतात, तो वितळवून साच्यांत ओततात, आणि वर 'हातानें केलेला' असें लिहितात. हात लागला हें खरेंच. पण वाचणाऱ्याला जें समजतें तें घडलेलें नसतें. शब्द खरे आणि समजूत खोटी, हा असत्याचा सर्वांत सभ्य प्रकार होय.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथांत एका दुकानदाराचें उदाहरण घेतलें आहे. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकाकडूनहि जास्त पैसे घेत नाहीं. लहान मूल आलें तरी ठरल्या भावानेंच माल देतो. परंतु कांट विचारतो कीं, हें तो कर्तव्य म्हणून करतो कीं धंद्याचें हित त्यांत आहे म्हणून? हित म्हणून करीत असेल तर त्याचें वर्तन योग्य असलें तरी त्याला नैतिक मोल नाहीं. आमच्या कारागीर स्त्रीला हा प्रश्न लावून पाहूं. तिचीं गिऱ्हाइकें म्हणजे तिच्याच गांवच्या बायका. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याच समोर येणार. वाईट माल दिला तर चार दिवसांत बोभाटा होईल. तेव्हां तिची सचोटी म्हणजे शेजाऱ्यांचा धाकच नव्हे काय?

आम्ही असें म्हणतों कीं, धाकाचा उपयोग आहे, पण त्याची पोंच आखूड आहे. शेजाऱ्याचा डोळा जें दिसतें तेवढ्यावरच पहारा ठेवतो. अंगाची आग झाली तर तें कळतें. वडी सहा आठवडे मुरली कीं दोन, हें कळत नाहीं. आणि हळदीच्या बाबतींत तर हा पहारेकरीच चोराच्या बाजूचा आहे, कारण पिवळा रंग मागतो तो तोच. जेथें शेजारी पाहूं शकत नाहीं तेथें, आणि जेथें त्याचें पाहणेंच चुकीचें आहे तेथेंहि, जी सचोटी टिकते तिला कांटहि नांव ठेवूं शकणार नाहीं.

यावरून लहान उद्योग तेवढा नीतिमान् आणि मोठा तेवढा अप्रामाणिक, ही सोपी वाटणी आम्हांस मान्य नाहीं. १९१८ च्या सुमारास मुंबईंत अर्देशर गोदरेज यांनीं प्राण्यांच्या चरबीऐवजीं वनस्पतींच्या तेलांचा साबण बाजारांत आणला. साबणांत चरबी कोणाची आहे हें गिऱ्हाइकाला डोळ्यांनीं कळणें शक्यच नव्हतें. त्यानें तो कारखानदाराच्या शब्दावर घेतला. भारतीय मानकाप्रमाणें पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणांत निदान ७६ टक्के स्निग्धांश असावा लागतो, आणि कारखान्याचा माल प्रयोगशाळेंत नेऊन तें पाहतां येतें. उलट लहान कारागिरालाहि कायद्यांतून सूट नाहीं: अंगाचा साबण विक्रीसाठीं करावयाचा तर औषधें व सौंदर्यप्रसाधनें यांच्या १९४० च्या कायद्याखालीं परवाना घ्यावा लागतो. 'आम्ही गरीब, आम्हांला कोण विचारतो' ही भूमिका समजण्यासारखी असली तरी समर्थनीय नाहीं.

मग लहानपणाचें कांहींच मोल नाहीं काय? १९३४ सालीं गांधीजींच्या प्रेरणेनें वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा यांनीं त्याची धुरा वाहिली, आणि निंबोळी, करंज यांसारख्या अखाद्य तेलांचा साबण हा पुढें ग्रामोद्योगांतला एक मान्य उद्योग ठरला. त्या विचारांत एक मर्म होतें तें आजहि खरें आहे. करणारा आणि वापरणारा यांच्यांत अंतर थोडें असलें तर खुलासा करावयास जागा राहते. कारखाना वेष्टनावर छापतो तेवढेंच बोलतो. आमची कारागीर स्त्री मात्र वडी हातावर ठेवतांना सांगूं शकते, "ताई, हळद साबणांत लाल पडते; तुमच्या साडीवरच्या डागासारखीच. म्हणून ही पिवळी नाहीं." एवढ्या दोन वाक्यांत रसायनशास्त्र आलें, नीतिहि आली. लहानपण हा स्वतः सद्गुण नव्हे. सद्गुणाला मिळालेली ती एक संधि आहे. संधि न घेतली तर लहान दुकान हें मोठ्या दुकानाची गरीब नक्कल होऊन बसतें.

हें बोलणें एकटीनें करून भागत नाहीं. पंचक्रोशींतले चार गट हळदीचा साबण करीत असले तर त्यांचें नांव ही समाईक विहीर आहे. एकीनें घाण टाकली तर सगळ्यांचें पाणी नासतें. म्हणून सोड्याचें प्रमाण, भाजण्याचा धोका, मुरविण्याची मुदत हें ज्ञान एकमेकींपासून लपविण्यांत शहाणपण नाहीं. आपल्याकडे वैद्यांनीं मुळ्या लपविल्या आणि कित्येक विद्या त्यांच्याबरोबर गेल्या. सुगंध कोणता घालावा, वडी कशी बांधावी, हें ज्याचें त्यानें राखावें. परंतु ज्यावर दुसऱ्याच्या कातडीची सुखरूपता अवलंबून आहे तें गुपित ठेवण्याचा हक्क कोणासहि नाहीं.

आतां शेवटची, आणि आमच्या वाचकांस थोडी बोंचणारी गोष्ट. आतांपर्यंत आपण विकणारीची परीक्षा घेतली. घेणाऱ्याची कोणी घेत नाहीं. शहरांतल्या प्रदर्शनांत हा साबण घेणारीं कुटुंबें बहुतेक आपल्यासारखींच सुशिक्षित असतात. त्याची किंमत कारखान्याच्या वडीच्या कित्येक पट असते, आणि तो करणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरीं पुष्कळदां कारखान्याचीच स्वस्त वडी असते. आपण साबणाबरोबर एक समाधानहि विकत घेतों: गरीब कारागिराला मदत केल्याचें, निसर्गाकडे परतल्याचें. या समाधानापायीं आपण पिवळा रंग मागतों, 'रसायन नाहीं ना?' असें विचारून 'नाहीं' हें उत्तर तिच्या तोंडीं घालतों, सहा आठवड्यांचा माल उद्यां हवा म्हणतों, आणि वर दहा रुपये कमी करावयास लावतों. ज्या बाजारांत खरें उत्तर दिलें तर माल पडून राहतो, तेथें खोटें बोलणारीइतकाच खोटें मागणाराहि दोषी आहे. सचोटी ही विकणाराच्या मनांत एकट्यानें वाढणारी वनस्पति नाहीं. तिला घेणाऱ्याच्या जाणतेपणाचें पाणी लागतें.

ज्या नामदेवांना हा मुलूख आपले म्हणतो ते शिंपी होते. गोरोबा मडकीं घडवीत, सांवतोबा मळा राखीत, सेना न्हावी हजामत करी. या मंडळींची भक्ति त्यांच्या धंद्याच्या वाटेनेंच चालली, असें आपली परंपरा सांगते. माप पुरें आणि शिवण पक्की ही त्या भक्तीची पहिली पायरी असली पाहिजे, असें आम्हांस वाटतें. त्या न्यायानें साबणाची वडीहि लहान नाहीं. आमची सूचना साधी आहे. हातानें केलेला साबण घ्यावयास गेलों तर दोन प्रश्न विचारावे: सोडा कोणत्या मापानें घातला, आणि वडी किती दिवस मुरली? उत्तर सरळ आलें तर घासाघीस न करतां किंमत द्यावी, आणि हळदीची वडी तांबूस दिसली तर नाक मुरडूं नये.