गाडी कुठे टाकता?

मुलगी कुठे दिलीत, मुलगा काय करतो आणि गाडी कुठे टाकता, हे तीन प्रश्न पुण्यातला सभ्य माणूस ओळख झाल्यापासून पाच मिनिटांत विचारतो. पहिल्या दोहोंची उत्तरं तो ऐकून घेतो. तिसऱ्याचं ऐकून घेत नाही. तुम्ही ‘कंपनीत’ म्हणालात की तो ‘लुटतात हो!’ म्हणतो आणि ‘बाहेर’ म्हणालात की ‘जपून हं, पार्ट काढून घेतात’ म्हणतो. म्हणजे कंपनीत पैसे जातात आणि बाहेर पार्ट जातात. दोन्ही नको म्हणून गाडी घरीच उभी केली तर बॅटरी जाते.

ज्यांच्याकडे गाडी नाही अशा सुखी वाचकांसाठी सांगतो. ‘कंपनी’ म्हणजे गाडी जिथे विकत घेतली त्या शोरूमचं सर्व्हिस सेंटर. ‘बाहेर’ म्हणजे खरं तर उरलेलं सगळं जग. पण व्यवहारात एक मिस्त्री, दोन पोरं, एक पिंपळ आणि दारं काढलेल्या चार गाड्या.

१९८६ साली मी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी विकत घेतली, तेव्हा हा प्रश्न मला पडलाच नव्हता. आठ वर्षांची वापरलेली गाडी कंपनीत न्यायची म्हणजे आजोबांना बालवाडीत घालण्यासारखं होतं. आमच्या बोळाच्या तोंडाशी मिस्त्रींचं गॅरेज होतं, आणि गाडी ढकलत तिथपर्यंत नेता येत असे. गॅरेज निवडण्याचं माझं तेव्हाचं शास्त्र एवढंच. मिस्त्री तेव्हा पंचविशीत होते. त्यांची तपासण्याची एक पद्धत होती. चालू इंजिनावर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. तानपुरा लागला की नाही हे ऐकणाऱ्या बुवांचा चेहरा जसा होतो तसा त्यांचा व्हायचा. मग डोळे उघडून ते एकच शब्द बोलायचे, ‘टॅपेट’. किंवा ‘पॉइंट’. पॉइंट असला तर पॉलिश पेपर काढून, दोनदा घासून, ‘न्या’ म्हणायचे. पैसे विचारले तर म्हणायचे, ‘घासायचे काय घ्यायचे?’

आणि मी काय करत असे? मी शेजारी ऑइलच्या डब्यावर बसून त्यांच्या हातांवर नजर ठेवत असे. गाडीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी इंजिन उचलून नेलं असतं तरी मी ‘धुवायला नेलं असेल’ असंच समजलो असतो. पण बसायचो. फियाटची बावीस वर्षं आणि नंतरच्या छोट्या गाडीची पंधरा, अशी सदतीस वर्षं मी त्या डब्यावर बसून काढली. मिस्त्रींच्या ते लक्षात आलं नसेल असं नाही. ते पोराला ओरडून सांगत, ‘साहेबांना चहा सांग रे,’ आणि डब्यावर एक फडकं टाकत, पँट खराब होऊ नये म्हणून.

२०२३ साली जावयांच्या आग्रहावरून नवी कोरी गाडी आली आणि तिच्याबरोबर वॉरंटी नावाची सासूही आली. जावई म्हणाले, ‘आता बाहेर कुठे दाखवायची नाही.’ जणू दृष्टच लागणार होती! तेव्हापासून गाडी कंपनीत जाते. तिथे वातानुकूलित खोली आहे, सोफा आहे, फुकट कॉफी आहे. समोर मोठी काच आहे. काचेतून आपली गाडी दिसते. तिला काय होतंय ते दिसत नाही. अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाईक उभे राहतात तसे मालक काचेला नाक लावून उभे असतात. मग टाय लावलेला एक चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा येतो आणि कागद पुढे करतो. सही कुठे करायची ते तो बोटाने दाखवतो, आणि मी करतो. वाचत नाही. सरकारी कचेरीत चौतीस वर्षं लोकांच्या अर्जांतली वेलांटी शोधून ते परत पाठवणारा मी, तिथे न वाचता सही करतो!

इथेच मला पहिल्यांदा खटकलं. ज्याचे हात दिसत होते त्याच्यावर मी सदतीस वर्षं पहारा केला, आणि ज्यांचे हात दिसतच नाहीत त्यांना किल्ली देऊन कॉफी पीत बसलो. हा कसला विश्वास? बरं, पहिल्या तीन सर्व्हिसिंग ‘फ्री’. फ्रीचा अर्थ मजुरी फ्री. ऑइल आपलं, फिल्टर आपले. यजमानाने म्हणावं, जेवण फुकट आहे, फक्त वरणभात, भाजी आणि पोळीचे पैसे द्या.

गेल्या खेपेचं बिल चौदा हजार आठशे चाळीस रुपये झालं. ते मी घरी येऊन वाचलं, कारण सही करून झाली होती. त्यात एसीचं निर्जंतुकीकरण होतं, इंजिनाला चकाकी आणण्याचं द्रव्य होतं आणि उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून मारायचा फवाराही होता. आता आमच्याकडे उंदीर आहेत, नाही असं नाही. पण ते स्वयंपाकघरात आहेत. गाडीत त्यांना काय मिळणार? तरीही, मी ते बिल तीनदा तपासलं आणि त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. फवारा खरोखर मारला होता. वास येत होता. जंतू मेले असणार. प्रत्येक ओळ सत्य, प्रत्येक ओळीवर जीएसटी, आणि निम्म्याहून अधिक ओळींची गरज नव्हती.

मला धर्मराजाची आठवण झाली. ‘नरो वा कुंजरो वा’ हे वाक्यही तसं शंभर टक्के बिनचूक होतं. ऑडिटरला त्यात काही सापडलं नसतं. पण जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ ते बोलताच खाली आला. आज आला असता तर कंपनीने तपासून सांगितलं असतं, सर, सस्पेन्शन गेलंय.

आणि याच्या उलट बाजूला मिस्त्रींचा डायनामो आहे. १९९४ साली फियाटचा डायनामो गेला. मिस्त्रींनी ‘नवा टाकलाय’ म्हणून चारशे रुपये घेतले. गाडी सुरळीत चालली. सहा वर्षांनी त्यांच्याच एका पोराच्या तोंडून निघून गेलं की तो डायनामो मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डब्यावर बसून राखलेला सगळा पहारा फुकट! मी तडक जाऊन विचारलं. मिस्त्रींनी हात पुसले आणि म्हणाले, ‘साहेब, तेव्हा वहिनींचं ऑपरेशन झालेलं. नवा हजाराच्या वर जात होता. जुना टाकतो म्हटलं असतं तर तुम्ही घेतला असता? आतलं वाइंडिंग नवं करून घेतलेलं. चारशे रुपये त्याचेच घेतले.’

मी घेतला नसता, हे खरं होतं. कर्ज काढून नवा घेतला असता. म्हणजे मिस्त्री माझ्याशी खोटं बोलले आणि मी वाचलो. आता याला फसवणूक म्हणायचं का? नीतिशास्त्र हा विषय मी बीएला घेतला होता आणि त्यात बावन्न मार्क मिळाले होते, तेव्हा माझं मत कुणी फार मनावर घेऊ नये. पण मला अजूनही वाटतं की ती फसवणूकच होती. माझ्या गाडीत काय बसवायचं हे मला सांगायला हवं होतं. फक्त ज्यांनी मला असं फसवलं आहे अशा माणसांची यादी मी करायला घेतली, तर तीत मिस्त्रींच्या वर फक्त माझ्या आईचं नाव येतं.

जावयांचं म्हणणं याहून वेगळं आहे. ते वकील आहेत. त्यांनी सांगितलं, २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. का, तर सुटे भाग, गाडी तपासायची यंत्रं आणि माहिती त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. केवळ बाहेर काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, असंही आयोगाने बजावलं होतं. कंपन्या अर्थात अपिलात गेल्या. ‘मग आता बाहेर न्यायला हरकत नाही ना?’ मी उत्साहाने विचारलं. जावई म्हणाले, ‘हरकत नाही. पण कशाला वाद?’ वकिलाने वादाला भ्यावं म्हणजे परिस्थिती गंभीर समजावी.

एक पोटप्रश्नही आहे. मिस्त्री छापील बिल देत नाहीत. पार्टच्या खोक्याच्या मागे आकडा लिहून देतात. म्हणजे कर बुडवण्यात माझाही हात आहे का? मजुरीवर चालणाऱ्या धंद्याला वर्षाच्या वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, असं समजल्यावर जीव भांड्यात पडला. मिस्त्रींनी वीस लाख एकत्र पाहिले असतील ते फक्त वर्तमानपत्रात.

तर त्याच बिलाच्या दिवशी टायवाला मुलगा म्हणाला, ‘काका, पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत. बदलून टाकू?’ मी धीर करून ‘नको’ म्हणालो. त्याने लगेच कागदावर लिहिलं : ग्राहकाने नकार दिला, जबाबदारी ग्राहकाची. आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. ही सही मात्र मी वाचून केली.

घरी न जाता गाडी थेट पिंपळाखाली नेली. दोन वर्षांनी जात होतो. साठी ओलांडलेल्या मिस्त्रींनी कुठे होता, का आला नाहीत, असं काही विचारलं नाही. चाक काढलं, वाकून पाहिलं, पोरालाही दाखवलं. म्हणाले, ‘निम्म्याहून जास्त आहेत. पंधरा हजार किलोमीटर काही बघू नका.’ मी पाकीट काढलं. ‘बघायचे काय घ्यायचे?’ मी मोठ्या मनाने म्हणालो, ‘मिस्त्री, पुढचं सर्व्हिसिंग तुमच्याकडेच.’ तर तेच म्हणाले, ‘नको साहेब. वॉरंटी आहे तोवर तिकडेच जाऊ द्या. विकताना शिक्के बघतात. आणि या गाडीचा कॉम्प्युटर माझ्याकडच्या यंत्राशी बोलत नाही.’ मग स्क्रू ड्रायव्हर कानाला लावल्यासारखा अभिनय करून हसले.

यानंतर जे झालं ते सांगायला मला लाज वाटते, पण निबंध अर्ध्यात सोडता येत नाही. तीन रात्री मला झोप आली नाही. कर्वे रोडच्या प्रत्येक सिग्नलला ब्रेक मारताना ‘जबाबदारी ग्राहकाची’ हे शब्द डोळ्यांपुढे यायचे. मिस्त्रींचा शब्द खरा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. पण तो शब्द होता आणि तो कागद होता. चौथ्या दिवशी मी कंपनीत जाऊन चार हजार दोनशे रुपये भरले आणि पॅड बदलून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाचा फोन. ‘काका, आमच्या हेड ऑफिसातून फोन येईल, दहापैकी दहा द्या हं. नऊ दिले तरी माझे पैसे कापतात.’ आवाज रडवेला होता. गाडीमागे किती रुपयांचं काम काढायचं याचा आकडा त्यालाही कुणीतरी बोटाने दाखवला असणार. मी दहा दिले. ही आतून म्हणाली, ‘अहो, आणि मिस्त्रींना किती दिलेत?’ मी पेपर वाचतोय असं दाखवलं.

एक चांगली गोष्ट मी केली होती. काढलेले पॅड मागून घेतले होते. मिस्त्री जुना पार्ट नेहमी वर्तमानपत्रात गुंडाळून हातात देत, त्या सवयीने. आठवडाभर ते पुडकं माझ्या टेबलाच्या खणात होतं. शेवटी एका संध्याकाळी ते घेऊन मी गॅरेजवर गेलो आणि काही न बोलता पुढे केलं.

मिस्त्रींनी ते उलटसुलट करून पाहिलं. मी मान खाली घालून डब्यावर बसलो. फडकं त्यांनी आधीच टाकलं होतं.

‘चांगले आहेत की,’ ते म्हणाले. ‘वॉरंटी कधी संपते?’

‘सात महिन्यांनी.’

‘मग ठेवतो. नंतर तुमच्याच गाडीला लागतील.’ त्यांनी पॅड फडक्याने पुसले, फळीवर ठेवले आणि खालच्या लाकडावर खडूने माझं आडनाव लिहिलं. पिंपळाला बिल्डरची पाटी टांगलेली मला तेव्हा दिसली. कधी हलायचंय, असं मी विचारलं.

‘दिवाळीपर्यंत म्हणतायत,’ मिस्त्री म्हणाले, आणि पोराला ओरडून चहा सांगितला.