पडलेलं दान

गोव्याला जाऊन आलेली मंडळी मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींची रोषणाई कौतुकाने सांगतात. मग कुणीतरी मला विचारतंच, "सरकारचा परवाना आहे, सरकार कर घेतं, जबरदस्ती कुणावर नाही. मग यात अधर्म कुठे आला?"

प्रश्न टाळण्यासारखा नाही. आपल्या महाराष्ट्रातही १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. पण राज्याची हद्द ओलांडली म्हणून धर्म बदलत नाही. तेव्हा आधी हा व्यवहार समजून घेऊ.

रूलेट नावाचं चाक असतं. त्याच्या एका प्रकारात शून्य ते छत्तीस असे ३७ आकडे असतात. एका आकड्यावर १०० रुपये लावले आणि तोच आला, तर ३,५०० रुपये मिळतात, वर आपले १०० परत. आता सगळ्या ३७ आकड्यांवर शंभर-शंभर लावून पाहा. गेले ३,७००, आले ३,६००. शंभर रुपये मालकाचे! एखाद्या रात्री मालकही हरेल. पण हजारो डावांत हा हिशोब चुकत नाही. त्यासाठी लबाडीची गरजच नाही. जुगार खेळतं ते गिऱ्हाईक. मालक फक्त धंदा करतो.

आपण शकुनीच्या कपटाला दोष देतो. पण समजा, फासे अगदी खरे असते, तर धर्मराजाने द्रौपदीला पणाला लावणं योग्य ठरलं असतं का? नाही ना? म्हणजे खेळ सचोटीचा असला, कायदेशीर असला, तरी प्रश्न उरतोच. घरातल्यांच्या वाट्याचं पणाला लावायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मराठीत फाशांचं पडतं तेही दान आणि हाताने देतो तेही दानच. दिलेल्या दानात देणारा आपल्या खुशीने सोडतो. पडलेल्या दानात मात्र एकाच्या ओंजळीत येतं ते दुसऱ्याच्या ताटातून गेलेलं असतं.

म्हणून नातवंडांना "हरशील, जाऊ नकोस" एवढंच सांगू नये. एखाद्या दिवशी तो जिंकून येईल आणि आपला शब्द खोटा पडेल. त्याला एवढंच विचारावं, "बाळा, जिंकलास तर ते पैसे कुणाच्या घरचे?"